निलगिरीच्या माथ्यावर झाडे का नाहीत, आणि ती लावावीत का?

प्रश्न असा आहे: उटी आणि मुन्नारच्या वरच्या डोंगरांत पाऊस भरपूर असूनही उतारच्या उतार गवताचेच का दिसतात, तेथील जंगल कोणी तोडले, आणि महाराष्ट्रात वृक्षारोपणाचे काम करणाऱ्या एखाद्या संस्थेने तेथे रोपे लावण्यासाठी निधी द्यावा का? थोडक्यात उत्तर द्यायचे तर त्या गवताळ उतारांवरचे जंगल कोणी तोडलेले नाही, कारण बहुतेक ठिकाणी ते तेथे नव्हतेच. आणि रोपांसाठी निधी देऊ नये. मात्र एवढ्यावर थांबलो तर उत्तर पटणार नाही. गवत तेथे का टिकले हे समजल्याशिवाय ते वाचवण्यासाठी काय करावे हेही ठरवता येत नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

दक्षिण सह्याद्रीत साधारण १,८०० मीटरच्या वर, म्हणजे निलगिरी, अन्नामलाई आणि पळनी या डोंगररांगांच्या माथ्यावर, दोन प्रकारच्या वनस्पती शेजारीशेजारी नांदतात. घळींमध्ये आणि ओढ्यांच्या काठाने बुटक्या, दाट, सदाहरित झाडांचे शोला जंगल असते. जांभूळवर्गीय, दालचिनीवर्गीय झाडे, त्यांच्या खोडांवर शेवाळ आणि आमरी (ऑर्किड). घळ संपून उतार उघडा झाला की जंगलही संपते आणि गवत सुरू होते. ही सीमा इतकी रेखीव असते की काही पावलांत माणूस अंधाऱ्या, ओलसर जंगलातून थेट उघड्या उन्हात येतो. पाऊस दोन्हीकडे सारखाच, खडक सारखाच, आणि बहुतेक ठिकाणी मातीतही एवढा फरक स्पष्ट करणारे काही सापडत नाही. पाऊस हे कारण नाही हे आणखी एका गोष्टीवरून कळते: पठाराच्या पश्चिम कडेला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि उटीत १,२०० मिलिमीटरच्या आसपास, तरीही गवत आणि शोला यांची ही विभागणी दोन्हीकडे आढळते.

या कोड्यावर १९३८ साली वनाधिकाऱ्यांमध्येच दोन तट पडले. सी. आर. रंगनाथन यांचे म्हणणे असे होते की गवत ही तेथील हवामानाचीच निर्मिती आहे आणि झाडांना रोखणारी गोष्ट म्हणजे हिवाळ्यात जमिनीवर गोठणारे दव. एन. एल. बोर यांच्या मते मूळ वनस्पती जंगलच होती; आग आणि गुरेचराई यांनी ते मागे रेटले आणि त्याच्या जागी गवत आले. प्रशासनाने व्यवहारात बोर यांची बाजू उचलली. १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चॅम्पियन आणि सेठ यांच्या वनवर्गीकरणात, जे आजही आपल्या वनखात्यांचा आधारग्रंथ आहे, ही कुरणे जंगलाची अवनत अवस्था म्हणून नोंदली गेली. कार्ययोजनांत अशा जमिनींना ‘कोऱ्या जागा’ म्हणत. एकदा जागा कोरी ठरली की ती भरणे हे आपोआपच कर्तव्य बनते, आणि पुढच्या सगळ्या गोंधळाची मुळे माझ्या मते या वर्गीकरणात आहेत.

गवत जुने आहे याचा भक्कम पुरावा निलगिरीच्या पठारावरील दलदलीतून मिळाला. तेथे हजारो वर्षांचे अर्धवट कुजलेले वनस्पतिद्रव्य, म्हणजे पीट, थरावर थर साचलेले आहे. उष्ण कटिबंधातील बहुतेक गवते आणि बहुतेक झाडे प्रकाशसंश्लेषण वेगळ्या मार्गांनी करतात, त्यामुळे त्यांच्या अवशेषांतील कार्बनच्या दोन स्थिर समस्थानिकांचे, म्हणजे वेगवेगळ्या वजनाच्या कार्बन अणूंचे, प्रमाणही वेगळे राहते. रामन सुकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पीटमधील हे प्रमाण थरानुसार मोजले आणि १९९३ मध्ये सुमारे २०,००० वर्षांचा लेखाजोखा मांडला. शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, जेव्हा या पठारावर शेती किंवा गुरे असण्याचा प्रश्नच नव्हता, तेव्हा तेथे गवताचेच प्राबल्य होते. त्यानंतर ओलसर काळात झाडांकडचे पारडे जड झाले, कोरड्या काळात पुन्हा गवताकडचे. म्हणजे सीमा पुढेमागे सरकत राहिली, पण गवत नाहीसे कधी झाले नाही. हीच गोष्ट तेथील प्राणी आणि वनस्पती दुसऱ्या मार्गाने सांगतात. केवळ या कुरणांतच जगणाऱ्या, जगात इतरत्र नसलेल्या जाती शेदोनशे वर्षांत घडत नाहीत.

निलगिरी ताहर हे त्याचे ठळक उदाहरण. डोंगरकडे आणि त्याला लागून उघडे कुरण, अशा जागी राहणारा हा रानबकऱ्यासारखा प्राणी पूर्वी हिमालयातील ताहरचा भाऊबंद समजला जाई. २००५ मध्ये जनुकीय अभ्यासातून तो मेंढ्यांच्या कुळाला अधिक जवळचा असल्याचे दिसले आणि त्याला स्वतंत्र प्रजाती (जीनस) मिळाली. निलगिरी पिपिट हा लहानसा तपकिरी पक्षी गवतातच चालतो, गवतातच घरटे करतो. त्याला झाडी वाढलेली चालत नाही. २०१० मध्ये नोंदला गेलेला एक केशरी-लाल बेडूक तर केवळ मुन्नारजवळच्या अन्नामुडी या दक्षिण भारतातील सर्वोच्च शिखराच्या माथ्यालगतच्या चिमूटभर क्षेत्रात सापडतो आणि बुटक्या डोंगरी बांबूच्या जाळीच्या बुडाशी अंडी घालतो. नीलकुरिंजी सर्वांना ठाऊक आहे: दर बारा वर्षांनी सामुदायिक फुलोरा, गेला २०१८ मध्ये, पुढचा २०३० मध्ये. आपली कारवी तिचीच चुलत बहीण; तिचे चक्र आठ वर्षांचे. पण कारवी झाडांच्या सावलीतही नांदते, कुरिंजीला उघडा उतारच लागतो.

आता मूळ कारणाकडे. रंगनाथन यांचा अंदाज बऱ्याच अंशी बरोबर होता, आणि ते का हे समजण्यासाठी सरासरी तापमान विसरावे लागते. उटीचे वार्षिक सरासरी तापमान पाहून कोणीही म्हणेल की येथे सदाहरित झाडे सुखाने वाढतील. निर्णायक ठरतात त्या डिसेंबर ते फेब्रुवारीमधील निरभ्र, कोरड्या, वारा नसलेल्या रात्री. उंचावर हवा विरळ असते, त्या महिन्यांत तिच्यातील बाष्पही कमी असते, त्यामुळे जमिनीने उत्सर्जित केलेली उष्णता अडवायला वर काहीच नसते. जमिनीचा पृष्ठभाग आणि त्याला लागून असलेला हवेचा थर वरच्या हवेपेक्षा कितीतरी अधिक थंड होतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात, तेव्हा वेधशाळेचा तापमापक शून्याच्या बराच वर असतो. तेथेही हेच घडलेले असते. फरक इतकाच की महाबळेश्वरात ती अपवादात्मक पहाट असते आणि निलगिरीच्या वरच्या खोलगट भागांत हिवाळ्यातली नेहमीची.

वीतभर उंचीचे रोप नेमके या सर्वांत थंड थरात उभे असते. शोलातील बहुतेक झाडे उष्ण प्रदेशांतील कुळांची आहेत. त्यांची रुंद सदाहरित पाने गोठणे सहन करण्यासाठी घडलेली नाहीत. त्यातच रात्री गारठलेल्या पानावर सकाळी डोंगरावरचे प्रखर ऊन पडते. थंडीने मंदावलेले पान तो प्रकाश वापरू शकत नाही आणि त्याची प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणाच बिघडते. गवताचा वाढीचा कोंब मात्र जमिनीलगत, जुन्या वाळलेल्या पातींच्या झुपक्यात दडलेला असतो. वरची पाती करपली तरी झुपका मरत नाही. पावसाबरोबर तो पुन्हा हिरवा होतो. उघड्या गवतात एकटेदुकटे उभे असणारे झाड म्हणजे बहुतेक वेळा ऱ्होडोडेंड्रॉन, आणि त्याचे गणगोत हिमालयातले आहे. थंडीही सोसते आणि जाड सालीमुळे आगही.

येथे जाणकार वाचक एक शंका घेईल. थंड हवा जड असते, ती रात्री उतारावरून वाहून खोलगट जागी साचते. मग सर्वाधिक थंडी घळीत असायला हवी आणि जंगल तर घळीतच आहे, हे कसे? याचे उत्तर असे की उभे असलेले जंगल स्वतःची रात्र स्वतः घडवते. वर पानांचे दाट छत असले की जमिनीची उष्णता थेट आकाशाकडे निसटत नाही, आणि छताखालचे रोप गोठत नाही. घळीत ओल असते, वारा कमी असतो, आग क्वचित पोहोचते, म्हणून पूर्वीच्या एखाद्या अनुकूल काळात तेथे जंगल धरले आणि एकदा छत तयार झाल्यावर ते टिकले. त्याच जंगलाच्या कडेपासून थोड्या अंतरावर उघड्यावर पडलेले बी रुजते, पावसाळाभर वाढते आणि पहिल्या किंवा दुसऱ्या हिवाळ्यात मरते. म्हणजे एकाच हवामानात दोन स्थिर अवस्था शक्य आहेत आणि प्रत्येक अवस्था स्वतःला राखते. बेंगळुरूच्या राष्ट्रीय जैवविज्ञान केंद्रातील संशोधकांनी निलगिरीत प्रयोग करून २०२० मध्ये जे निष्कर्ष मांडले ते याला दुजोरा देतात: शोलाच्या झाडांची रोपे गवतात हिवाळ्यातील गोठणाऱ्या तापमानामुळे फारशी जगत नाहीत. ऑस्ट्रेलियातून आलेल्या वॅटल या परदेशी झाडाची रोपे मात्र जगतात. हे दुसरे वाक्य पुढच्या सगळ्या चर्चेचा कणा आहे.

जगातल्या इतर उष्णकटिबंधीय उंच कुरणांशी तुलना केली तर निलगिरीचे वेगळेपण कळते. अँडीजमधील पारामो किंवा पूर्व आफ्रिकेतील माउंट केनियाचा माथा विषुववृत्ताजवळ आणि खूप अधिक उंचीवर आहे. तेथे वर्षातील कोणतीही रात्र गोठवणारी असू शकते. म्हणून तेथील वनस्पतींनी रोजच्या रोज लागू पडणारी उत्तरे शोधली आहेत. राक्षसी लोबेलिया रात्री पाने मिटून मधला कोंब झाकतात, पारामोतील एस्पेलेशिया वाळलेली पाने न टाकता खोडाभोवती जाड आवरणासारखी ठेवते. निलगिरी ११ अंश उत्तरेला आहे आणि मान्सूनच्या ताब्यात आहे. पावसाळ्यात ढगांचे पांघरूण असते तेव्हा रात्री गोठत नाहीत. धोका दोनतीन महिन्यांपुरता असतो. त्यामुळे येथे रोजचा बचाव करणाऱ्या वनस्पतींपेक्षा हंगामापुरत्या जमिनीखाली माघार घेणाऱ्या वनस्पती अधिक: कंद असलेल्या भू-आमरी, झुपकेदार गवते, दलदलीतील दवबिंदू ही कीटकभक्षी वनस्पती. आपल्याकडे सह्याद्रीत देवनळ म्हणून ओळखली जाणारी लोबेलिया माउंट केनियावरील राक्षसी लोबेलियांची जवळची नातलग आहे, हे अनेकांना ठाऊक नसते.

बोर यांची बाजू मात्र पूर्ण टाकाऊ नव्हती. तोडा समाज या पठारावर शतकानुशतके म्हशी चारत आला आहे, गवत पेटवत आला आहे, आणि त्यांच्या मंदिरांची शाकारणी दलदलीत वाढणाऱ्या विशिष्ट गवताने होते. आगीने आणि चराईने जंगलाची कड कित्येक ठिकाणी रेखीव राखली, कुरिंजीसारख्या झुडपांना आवर घातला, कोवळे गवत फुटू दिले. मुन्नारजवळच्या एरविकुलम राष्ट्रीय उद्यानातही हिवाळ्याच्या सुरुवातीला, जमिनीत ओल असताना, तुकड्यातुकड्याने गवत जाळण्याची पद्धत होती आणि ताहरला त्याचा फायदा होत असे. म्हणून ही कुरणे मानवनिर्मित नाहीत, पण मानवी हाताविना राहिलेलीही नाहीत, असे मी म्हणेन. आग सरसकट बंद करावी किंवा सरसकट लावावी, ही दोन्ही मते मला घाईची वाटतात.

या व्यवस्थेत खरा बिघाड झाला तो लागवडीमुळे. उटीची वसाहत १८२०च्या दशकात सुरू झाली आणि सरपणासाठी ऑस्ट्रेलियातून युकॅलिप्टस आणि वॅटल आणले गेले. स्वातंत्र्यानंतर कातडी कमावण्यासाठी वॅटलची साल आणि रेयॉनसाठी लगदा हवा म्हणून ‘कोऱ्या जागां’वर मोठ्या प्रमाणात लागवड झाली, पाइनही आले. पळनी डोंगरांच्या उपग्रहचित्रांवरून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की सुमारे चार दशकांत तेथील दोन तृतीयांश कुरणे लागवडी आणि शेतीखाली गेली. पाइन आणि युकॅलिप्टस बऱ्याच अंशी लावले तेथे राहतात. काळा वॅटल तसा राहत नाही. तो मुळांवरच्या गाठींतून नत्र मिळवतो, भरपूर बी टाकतो, ते बी मातीत अनेक दशके जिवंत राहते, आणि आग लागली की कठीण कवच फुटून एकदम रुजते. थंडीची जी भिंत शोलाच्या रोपांना अडवत होती ती वॅटलला अडवत नाही. स्कॉच ब्रूम आणि गॉर्स ही काटेरी किंवा झुडपी मंडळीही अशीच पसरली आहेत.

पाण्याबद्दल एक गैरसमज येथे दूर करायला हवा, कारण वृक्षारोपणाच्या बाजूने नेहमी पाण्याचाच मुद्दा मांडला जातो. उटीच्या मृद व जलसंधारण संशोधन केंद्राने ग्लेनमॉर्गन येथे दोन शेजारच्या पाणलोटांची वर्षानुवर्षे मोजणी केली. एकात नैसर्गिक कुरण आणि शोला तसेच ठेवले, दुसऱ्यातील सुमारे ५९ टक्के क्षेत्रावर १९७२ मध्ये युकॅलिप्टस लावले. लागवडीच्या पहिल्या दहा वर्षांच्या फेरीत त्या पाणलोटातून येणारे पाणी सरासरी १६ टक्क्यांनी घटले आणि तोडणीनंतर फुटलेल्या दुसऱ्या फेरीत २५.४ टक्क्यांनी. उन्हाळ्यातील प्रवाहावर, म्हणजे नेमका जेव्हा त्याचा उपयोग असतो तेव्हा, परिणाम विशेष जाणवला. कुरणे स्पंजासारखी पाणी धरून ठेवतात असे सर्रास लिहिले जाते, ते मला फारसे पटत नाही. पाणी धरते ती खालची खोल, काळी, सेंद्रिय माती. गवताचे श्रेय एवढेच की कोरड्या महिन्यांत ते जवळजवळ निद्रिस्त असते आणि त्या मातीतले पाणी फार खर्च करत नाही. खोल मुळांचे सदाहरित झाड वर्षभर खर्च करते. पायकारा, कुंदा, भवानी यांच्या खोऱ्यांतील वीजनिर्मिती आणि खालच्या मैदानातील सिंचन या हिशेबावर उभे आहे. कार्बनचा हिशेबही असाच आहे. कुरणाचा साठा मुख्यतः जमिनीखाली असतो आणि लागवडीसाठी खड्डे खणताना तोच प्रथम उघडा पडतो.

मग वॅटल तोडून टाकावा, एवढे सोपे काम आहे का? दुर्दैवाने नाही. दाट, जुना वॅटल एकदम तोडला की मातीत साठलेले बी प्रकाश मिळताच रुजते आणि दोन वर्षांत पूर्वीपेक्षा दाट जाळी उभी राहते. शिवाय त्या जुन्या वॅटलच्या छताखाली रात्री गोठत नसल्यामुळे अनेक ठिकाणी शोलाची रोपे आपणहून आलेली आहेत. पळनीत हे चांगले दिसते. तेथे तोडणी केली तर आलेले जंगलही जाते आणि गवतही परतत नाही. अशा जागा शोलाकडे जाऊ द्याव्यात. कामाची सुरुवात मात्र उलट टोकाकडून व्हावी: जेथे वॅटल तुरळक आणि कोवळा आहे आणि खाली मूळचे गवत अजून जिवंत आहे, तेथून. पावसाळ्यात माती ओली असताना रोपे मुळासकट हाताने उपटता येतात. मोठी झाडे शेंगा धरण्याआधी काढावीत. आणि पुढची कित्येक वर्षे दरवर्षी त्याच जागी परत जावे. अनुभव असा की निधी तोडणीसाठी मिळतो, परत जाण्यासाठी मिळत नाही, आणि काम तेथेच फसते. जेथे गवत पूर्ण नष्ट झाले आहे तेथे बी फेकून फारसे साधत नाही. स्थानिक गवतांचे झुपके फोडून, रोपवाटिकेत वाढवून, मान्सूनच्या सुरुवातीला हाताने लावावे लागतात. घाईने हिरवळ दिसावी म्हणून किकुयूसारखे बाहेरचे गवत लावणे म्हणजे एक उपद्रव काढून दुसरा आणणे होय.

रात्रीचे किमान तापमान वाढत गेले तर गोठणाऱ्या रात्री कमी होतील आणि जी भिंत कुरणे राखते तीच खचेल. काही जण म्हणतात की मग शोला पसरेल, बरेच झाले. पण मोकळ्या झालेल्या जागेकडे शोला आणि वॅटल यांच्यापैकी वेगाने कोण धावेल हे वर सांगितलेच आहे. आणि ताहर किंवा पिपिटला आणखी वर सरकायला जागा नाही; अन्नामुडीची उंची २,६९५ मीटर, निलगिरीतील सर्वोच्च शिखर दोड्डाबेट्टाची २,६३७, त्यापुढे आकाश.

तेव्हा संस्थेने निधी द्यायचाच असेल तर तो रोपांऐवजी दरवर्षीच्या निंदणीसाठी, गवताच्या रोपवाटिकेसाठी आणि ते काम जाणणाऱ्या स्थानिक लोकांच्या मजुरीसाठी द्यावा, आणि किमान दहा वर्षांची तयारी ठेवावी. निलगिरीचे कारण मात्र महाराष्ट्राला जसेच्या तसे लावू नये. कासच्या पठारावर झाडे नसण्याचे मुख्य कारण थंडी नव्हे, तर जांभा खडकावरची बोटभर माती आणि पावसाळ्यातले साचलेले पाणी. सोलापूर-अहिल्यानगरकडच्या माळरानांचे कारण आणखी निराळे. पण तपासणीची रीत सगळीकडे एकच चालते: खड्डा खणण्याआधी तेथे कंदवर्गीय आणि बहुवर्षायू गवते किती आहेत, केवळ त्याच अधिवासात आढळणाऱ्या जाती आहेत का, जुन्या खोडांचे किंवा मुळांचे अवशेष सापडतात का, आणि आसपासच्या जंगलाचे बी आपणहून तेथे रुजून का टिकले नाही, हे एक संपूर्ण वर्ष पाहावे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत कुदळ बाहेर काढू नये.